वृद्धाश्रमांतील संसर्ग आणि आपले कर्तव्य

(वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक नुकतेच पार पडले असता एखाद्या डॉक्टराने उठून रोगराईविषयी बोलावे, हे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. तथापि आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुले आज परगावी व परदेशी आहेत आणि त्यांचे आईवडील वृद्धाश्रमांत राहत आहेत. आपल्या संस्थेनेही असा एक आश्रम काढावा, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आलेली आहे. म्हणून पायाभरणी होण्यापूर्वीच हा विषय मी आपणांपुढे मांडीत आहे.

प्रथम एक कबुली देतो. माझी आत्या अशाच एका आश्रमात होती. एके दिवशी तेथून निरोप आला की, ती जेवत नाही, झोपून राहते आणि दिवंगत यजमानांना हाका मारते. मी दूरध्वनीवर विचारले, “ताप आहे काय?” ताप नव्हता. “वय झाले, चालायचेच,” असे म्हणून मी माझ्या कामास लागलो. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिला न्युमोनिया झाला होता. जन्मभर रोगी तपासणाऱ्या मला जे ओळखता यावयास हवे होते, ते मी वयाच्या नावावर खपविले. ही गोष्ट सांगताना मला आजही लाज वाटते. परंतु ती ऐकून आपल्यापैकी एकाचीही आई वाचली, तर ती सांगितल्याचे सार्थक होईल.

तरुण माणसाला संसर्ग झाला की अंग तापते, खोकला येतो, दुखणे स्वतःच बोलू लागते. वृद्धांचे दुखणे पुष्कळदा मुके असते. त्यांस ताप येतोच असे नाही, आणि आला तरी तो थोडा असतो. म्हणून आश्रमात एकदा जरी १०० अंश फॅरनहाइटच्या वर पारा गेला, अथवा नेहमीच्या तापमानाहून तो दोन अंशांनी चढला, तरी ती गोष्ट गंभीर मानावी. मिनिटास २५ किंवा अधिक श्वास होत असतील, तर न्युमोनियाची शंका घ्यावी. काल ओळखणारे माणूस आज ओळखीनासे झाले, चालते माणूस अचानक पडले, पेजेचाही घोट नको म्हणू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांस बोलवावे. ह्या खुणा इतर कारणांनीही उद्भवतात. म्हणून घरचे शिल्लक प्रतिजैविक आपल्या मनाने मात्र देऊ नये. आश्रमातील अनेक वृद्धांच्या लघवीत जंतू सापडतात आणि त्यांना त्याचा काहीही उपद्रव नसतो. केवळ तपासणीच्या कागदावरून औषध दिल्यास जंतू त्या औषधास दाद देईनासे होतात.

आता आश्रमातच हा धोका अधिक का? एक पंगत, एक दिवाणखाना, आणि एकच सेविका दहा जणांना उठवते, न्हाऊ घालते, भरवते. तिचे हात स्वच्छ नसतील, तर एकाचे दुखणे दहांचे होते. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंड येथील एका शुश्रूषागृहात कोविडचा शिरकाव झाल्याचे उघडकीस आले. १८ मार्चपर्यंत त्या गृहाशी संबंधित १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटीस आलेली माणसे बाधित झाल्याचे आढळले. रहिवाशांपैकी ३४ जण दगावले. आजारी असूनही कामावर येणारे आणि एकाहून अधिक ठिकाणी राबणारे कर्मचारी हे प्रसाराचे एक कारण चौकशीत पुढे आले. ज्या बाईचा एक खाडा तिच्या चुलीवर येतो, ती अंगात कणकण असली तरी कामावर येणारच. तिला दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही.

उपाय मात्र साधे आहेत. जपानमधील ११ शुश्रूषागृहांत दोन वर्षे चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. जेवणानंतर प्रत्येक वेळी ज्यांचे दात व तोंड नीट स्वच्छ केले जाई, त्यांच्यात शेकडा ११ जणांना न्युमोनिया झाला. इतरांत तेच प्रमाण शेकडा १९ होते. झोपेत तोंडातील लाळ नकळत फुप्फुसांत उतरते आणि तिच्याबरोबर जंतूही उतरतात, हे त्याचे कारण. ज्यांना दात उरले नाहीत, त्यांच्याही हिरड्या, जीभ आणि कवळी रोज साफ झाली पाहिजे. फ्ल्यूची लस दरवर्षी, आणि न्युमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी. लस सेवकवर्गालाही द्यावी. जुलाबांची साथ असता हात साबण आणि पाण्यानेच धुवावेत. खरूज एकास झाली, तर तिच्या खुणा दिसण्यास कित्येक आठवडे लागू शकतात. म्हणून निकट वावर असलेल्या सर्वांवर एकाच वेळी उपचार करावेत.

भेटीस जाणाऱ्यांनाही एक विनंती आहे. सर्दी-खोकला असता केवळ सणाचा दिवस आहे म्हणून आश्रमात जाऊ नका, दूरध्वनी करा. परंतु प्रकृती ठीक असता अवश्य जा आणि वारंवार जा. आई आज वेगळी दिसते, हे प्रथम तिच्या माणसालाच कळते. सेविकेने तसे सांगितले, तर तिचे बोलणे हसण्यावारी नेऊ नका.

शेवटी कार्यकारी मंडळास आणि दात्यांस नम्र सूचना. आश्रम उभारताना दात्यांच्या नावांची संगमरवरी पाटी थोडी लहान झाली तरी चालेल. पण प्रत्येक खोलीजवळ हात धुण्याची सोय असावी, आजाऱ्यासाठी एक निराळी हवेशीर खोली असावी, आणि आजारी सेविकेस पगारी रजा देता यावी एवढा कायम निधी आधी बाजूस काढावा. हे जमणार नसेल, तर आश्रमाची घाई करू नये. ज्यांनी आपल्याला वाढविले, त्यांस छप्पर दिले म्हणजे आपले कर्तव्य संपत नाही. त्या छपराखाली त्यांची विचारपूस जाणतेपणाने झाली पाहिजे.