दिवाळीच्या सुट्टीत गाडी कुठे वळवायची?

फराळ सुरू झाला का? आजचा भाग नाशिककरांसाठी. प्रश्न एकच: दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन एक-दोन दिवस कुठे जायचं?

हे ठरतं कसं, ते आपल्याला माहितीये. फॅमिली ग्रुपवर कोणीतरी रील टाकतं. दादा म्हणतो सापुतारा, काकू म्हणते जव्हार. मग आजी म्हणते, "तुम्ही जा रे, मी थांबते घरी." आणि आपण सगळे पटकन "बरं" म्हणून मोकळे होतो. खरं तर तिला यायचं असतं. गुडघे दुखतात आणि रस्त्यात बाथरूमची सोय नसेल याची धास्ती असते, पण ते ती ग्रुपवर थोडीच लिहिणार? म्हणून माझं म्हणणं, आधी गाडीत कोण कोण बसणार ते ठरवा. ठिकाण नंतर.

आता भंडारदरा. अंतर साधारण सत्तर किलोमीटर. मुंबई हायवेने घोटीपर्यंत, तिथून बारीवरून शेंडी. बारी म्हणजे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. घोटीत पेट्रोल भरून घ्या, चहाही तिथेच. दिवाळीच्या सुमारास या पट्ट्यात भातकापणी चालू असते. पिवळी खाचरं, बांधावर रचलेले भारे... मला तर धरणापेक्षा हा रस्ताच जास्त आवडतो. धरण 1926 चं, विल्सन डॅम. पाऊस बरा झाला असेल तर जलाशय या दिवसांत भरलेला असतो.

पण रीलवर जाऊ नका हं! तो कोसळणारा रंधा धबधबा जुलै-ऑगस्टचा. अम्ब्रेला फॉल दिसतो तो धरणातून पाणी सोडलं तर. आणि काजवे? ते मे-जूनमध्ये. दिवाळीत काजवे बघायला जाल तर फक्त डास भेटतील. सांदण दरी मित्रांसोबत करा. तिथल्या दगडांवरून आजीला कसं नेणार? त्याऐवजी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघा. जुनं, कोरीव, रतनगडाच्या पायथ्याशी. मुक्काम करणार असाल तर भंडारदरा मस्तच. एका दिवसात जाऊन यायचं तर मात्र चार तास गाडीतच जातात, आणि घाटात ज्याला मळमळतं तो धाकटा भाऊ सगळ्यांची परीक्षा बघतो.

म्हणून ज्यांच्या बाबांना एकच दिवस मोकळा मिळतो, त्यांना मी नांदूरमध्यमेश्वर सांगेन. निफाड तालुक्यात, नाशिकहून चाळीसेक किलोमीटर. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथला बंधारा आणि त्यामागचं उथळ पाणी. 2020 मध्ये याला रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिल्यांदा. घाट नाही, चढ नाही. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. आजीला मनोरा चढायची गरज नाही, पाण्याकाठी घडीची खुर्ची टाका. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, बगळे बसल्या जागेवरून दिसतात. मात्र हजारो पाहुणे पक्षी हवे असतील तर डिसेंबर-जानेवारी. दिवाळीत ते नुकते यायला लागलेले असतात. द्राक्षंही तेव्हा नसतात, बागांची छाटणी झालेली असते. द्राक्षवाल्यांच्या घरी तर हे दिवस सुट्टीचे नसतातच, त्यांना विचारा!

परतताना सिन्नरला वळता येईल. सिन्नर म्हटलं की आपल्याला एमआयडीसी आठवते, पण गावातच गोंदेश्वराचं मंदिर आहे. मधे महादेव आणि चार कोपऱ्यांत चार छोटी मंदिरं, म्हणजे पंचायतन. भिंतीवरचं कोरीवकाम बघत तासभर सहज जातो.

सप्तशृंगगड? दर्शनाला जायचं तर जरूर जा, 2018 पासून ट्रॉली आहे, पायऱ्या चुकतात. फक्त सुट्टीतली रांग धरून वेळ काढा.

आणि एक भांडण मी मुद्दाम लावून देणार आहे. डब्बा कोण करणार? पहाटे चारला उठून आईने वीस पराठे लाटले, तर तिची सुट्टी कुठे गेली? फराळाचे डबे भरा, चिवडा-शंकरपाळ्या भरपूर आहेत. जेवण वाटेत करा, पिठलं-भाकरी मिळेल तिथे. भांडी घासायला मुलांनी.

निघायचं असेल तर पहाटे साडेपाचला. पक्षी ऊन चढलं की झाडीत जातात. दुर्बीण शेजाऱ्यांकडून मागून घ्या. आणि पुढची सीट आजीची, आत्ताच सांगून ठेवतो.