आधी तक्ता वाचा

आम्ही डोंबिवलीकर इंडिकेटर पाहिल्याशिवाय लोकलमध्ये चढत नाही. चुकून जलद गाडीत शिरलेला मुंब्र्याचा माणूस थेट ठाण्याला उतरतो! पण निवृत्तीनंतर मी ठाण्याहून कोकणकन्येने गोव्याला गेलो आणि ही सवय विसरलो. आपल्याकडचा कॅसिनोचा १९७६चा कायदा अमलात न येताच २०२३मध्ये रद्द झाला. त्यामुळे हे प्रकरण मला नवेच. तिथे व्हिडिओ पोकरच्या मशीनसमोर बसलो आणि तासाभरात दोन हजार रुपये घालवले. घरी हे सांगायला मला चार दिवस लागले.

कोणत्या पत्त्यांना किती पैसे, याचा तक्ता पडद्यावरच असतो. ‘जॅक्स ऑर बेटर’ या खेळात दोन ओळी पाहाव्यात. फुल हाउस, म्हणजे तीन सारखी पाने आणि एक जोडी. आणि फ्लश, म्हणजे पाचही पाने बदाम किंवा पाचही इस्पिक. एका रुपयाला अनुक्रमे ९ आणि ६ मिळत असतील, तर बिनचूक खेळूनही दहा हजारांच्या डावांमागे सरासरी ४६ रुपये जातात. ८ आणि ५ असतील तर २७०. ६ आणि ५ असतील तर ५००. पत्ते तेच, मशीनही तसेच!

माझ्या मशीनवर ६ आणि ५ होते, हे उठताना दिसले. मात्र एक ध्यानात ठेवा: यातला चांगला तक्ताही शेवटी आपल्याच खिशातून घेतो. म्हणून आधी तक्ता वाचावा, आणि वाचून उठावे, हे उत्तम.