भंडाऱ्याचा विद्यार्थी आणि नागपुरांतील बिऱ्हाड

उच्च शिक्षणाची चर्चा निघाली म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा, शुल्क आणि नोकरी यांविषयीं पुष्कळ बोललें जातें. विद्यार्थी रात्रीं कोठें निजतो, त्याच्या खोलीला खिडकी आहे कीं नाहीं, आणि मध्यरात्रीं संकट आल्यास त्याला बाहेर पडण्यास वाट आहे काय, हे प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाहीं. तरीही कित्येक घरांत मुलाच्या, आणि विशेषतः मुलीच्या, पुढील शिक्षणाचा निकाल याच प्रश्नांवर लागत असतो.

भंडारा जिल्ह्यापुरतें पाहिलें तर ही गोष्ट सहज ध्यानांत येईल. वैनगंगेच्या कांठचा हा तलावांचा व धानाचा मुलूख महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाला आहे. तुमसर तालुका ओलांडला कीं मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागतो. सीमेवरच्या या भागांत मराठी, झाडीबोली, पोवारी आणि हिंदी या भाषा एकाच बाजारांत ऐकूं येतात. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तेव्हांपासून भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे सात तालुके या जिल्ह्यांत राहिले. जिल्ह्यांत महाविद्यालयें आहेत. पण विद्यापीठ नागपुरास. भंडारा शहरापासून तें सुमारें ६० किलोमीटरांवर; आणि लाखांदुराकडील खेड्यांतून तर रोज जाऊन येणें जवळजवळ अशक्यच.

नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ सालीं झाली. त्यापूर्वीं मध्यप्रांतांतील महाविद्यालयें प्रथम कलकत्ता आणि पुढें अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेलीं होतीं. आरंभीं नव्या विद्यापीठाकडे अवघीं सहा महाविद्यालयें आणि ९२७ विद्यार्थी होते. पुढें १९८३ मध्यें अमरावतीस आणि २०११ मध्यें गडचिरोलीस निराळीं विद्यापीठें झालीं. तरी नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे मूळ विद्यापीठाकडेच राहिले. शिवाय नागपूर हें एके काळचें मध्यप्रांताचें राजधानीचें शहर असल्यामुळें शिवनी, छिंदवाडा व बालाघाट येथील मुलेंही जुन्या वहिवाटीनें तेथेंच येतात. इतक्या विद्यार्थ्यांना पुरतील एवढीं वसतिगृहें कोणत्याही विद्यापीठाला बांधतां आलेलीं नाहींत. उरलेल्यांनीं शहरांत खोली शोधावयाची, हा क्रम म्हणून पडून गेला आहे.

भाड्याच्या घराची अडचण कांहीं नवीन नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर नागपुरांत घरांची टंचाई एवढी होती कीं मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनें १९४९ सालीं घरभाडे नियंत्रणाचा हुकूम काढला. घर रिकामें झालें कीं मालकानें तें सरकारी अधिकाऱ्यास कळवावें, आणि भाडेनियंत्रकाच्या परवानगीवांचून भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देऊं नये, अशी त्यांत व्यवस्था होती. विदर्भांत तो हुकूम जवळजवळ अर्धें शतक चालला. ३१ मार्च २००० पासून सर्व राज्याला मिळून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला.

या अधिनियमांतील एक कलम विद्यार्थ्याच्या पालकांनीं नीट समजून घेण्याजोगें आहे. घर भाड्यानें असो वा परवान्यानें, त्याचा करार लेखी व्हावा आणि त्याची नोंदणी व्हावी, असें कलम ५५ सांगतें. नोंदणीची जबाबदारी त्यानें मालकावर टाकली आहे. नोंदलेला करार नसेल, तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, तें खोटें ठरेपर्यंत, ग्राह्य धरलें जातें. आणखी एक सूक्ष्म भेद आहे. ज्याला लोक ‘पेइंग गेस्ट’ म्हणतात, त्याची कायद्यांतील कल्पना अशी कीं मालक स्वतः त्या घरांत राहतो आणि घराचा कांहीं भाग पाहुण्यास देतो. म्हणजे घरांत वडीलधारें माणूस आहे, हें त्यांत गृहीत आहे. जेथें मालक दुसऱ्या पेठेंत राहतो आणि एकेका खोलींत चार-चार खाटा टाकून भाडें वसूल करतो, तेथें नांव तेंच राहतें; घरपण मात्र निघून जातें.

आतां सुरक्षिततेचा विचार. हा शब्द उच्चारला कीं पालकांच्या मनांत प्रथम येतो तो चोर आणि गुंड. ती भीति अनाठायीं नाहीं. पण पाणी आणि आग हीं कुलपाला भीत नाहींत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरांत चार तासांत सुमारें १०० मिलिमीटर पाऊस कोसळला. विद्यापीठाच्या परिसराजवळचा अंबाझरी तलाव भरून वाहूं लागला आणि नाग नदीच्या कांठच्या वस्त्यांतून लोक झोंपेंत असतांनाच पाणी घरांत शिरलें. मुलींच्या एका वसतिगृहांतून आणि मूकबधिर मुलांच्या एका शाळेंतून विद्यार्थ्यांना बाहेर काढावें लागलें. शहरांत कांहीं माणसें दगावलीं. भंडारेकरांना पूर परका नाहीं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचें पाणी त्यांच्याही शहरांत शिरलें होतें. तथापि गांवचा माणूस गांवची नदी ओळखतो. परक्या शहरांत तळमजल्याची स्वस्त खोली घेणाऱ्या मुलाला तिच्यामागचा नाला पावसाळ्यांत काय करतो, याची गंधवार्ताही नसते. ती शेजाऱ्यांना विचारल्यावांचून कळत नाहीं.

आगीचेंही तसेंच. ९ जानेवारी २०२१ च्या रात्रीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षांत आग लागून दहा बालकें दगावलीं. त्या दुःखानें सबंध जिल्ह्याला एक गोष्ट शिकविली आहे. ज्यांना आपल्या पायांनीं बाहेर पडतां येत नाहीं, त्यांच्या निवासाची काळजी दुसऱ्यानें आधीं घ्यावी लागते. वसतिगृहांतील तरुणांना पाय आहेत. पण दाराला बाहेरून कुलूप आणि खिडकीला पक्की जाळी असली तर त्यांची स्थिति काय निराळी राहिली? मुलींच्या अनेक निवासांत रात्रीं नऊला दरवाजा बंद होतो आणि किल्ली पहारेकऱ्याच्या खिशांत जाते. पालकांना त्यामुळें स्वस्थ झोंप लागते. परंतु जें कुलूप आंतून उघडत नाहीं, तें चोराला जेवढें अडवितें तेवढेंच आंतल्या मुलीलाही अडवितें. मुलीला कोंडून ठेवणें आणि मुलीला सुरक्षित ठेवणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें घरोघरीं उमगलें पाहिजे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक अधिनियम २००६ चा आहे. अशा इमारतींतील अग्निशमनाची सामग्री चालू स्थितींत असल्याचें प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्यें द्यावें, असें तो सांगतो. खोली पाहावयास गेलेल्या पालकानें हें प्रमाणपत्र मागितलें तर त्यांत संकोचाचें कारण नाहीं.

पैशाची बाजूही विसरतां येत नाहीं. शासकीय वसतिगृहांत प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं राज्य सरकारनें २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. नागपुरासारख्या मोठ्या शहरासाठीं तींत आरंभीं वर्षाला ६०,००० रुपये ठरविले गेले. त्यांपैकीं भोजनासाठीं ३२,०००, निवासासाठीं २०,००० आणि किरकोळ खर्चासाठीं ८,०००. निवासाची ही रक्कम बारा महिन्यांत वांटली तर महिन्याला सोळाशें-सतराशें रुपये होतात. अनुसूचित जमातींसाठीं आणि इतर मागास वर्गांसाठींही अशा योजना निघाल्या. ही मदत मोलाची खरी. परंतु हातांत पैसा मोजका असला कीं मनुष्य आधीं भाडें पाहतो, दार मागाहून. म्हणून गरीब विद्यार्थ्याच्या वांट्याला नाल्याकांठची, वाऱ्यावांचूनची, एकच जिना असलेली खोली येते. सुरक्षितता ही श्रीमंतीची पुरवणी होऊन बसूं नये, एवढें पाहणें हें समाजाचें काम आहे.

महाविद्यालयांचा त्यांत वांटा मोठा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम केवळ आवारापुरते नाहींत; आवाराबाहेरचीं निवासस्थानें आणि विद्यार्थ्यांच्या प्रवासाचीं साधनेंही त्यांत येतात. वर्ष सुरू होण्यापूर्वीं संस्थाप्रमुखांनीं वसतिगृहांचे अधीक्षक, पालक, विद्यार्थी, जिल्हा प्रशासन आणि पोलीस यांची एकत्र बैठक घ्यावी, असेंही तेथें सांगितलें आहे. त्याच बैठकींत विद्यार्थी ज्या वस्त्यांत राहतात तेथील दिवे, नाले आणि जिने यांची विचारपूस झाली, तर निराळ्या खर्चावांचून पुष्कळ काम होईल. पोलिसांची ११२ आणि रॅगिंगविरोधी साहाय्याची १८००-१८०-५५२२ ही संख्या प्रत्येक खोलीच्या दारामागें लिहिलेली असावी, हें तर कोणालाही करतां येण्यासारखें आहे.

पालकांनीं खोली ठरवितांना दिवसां एकदां आणि रात्रीं एकदां, अशी दोनदां पाहावी. रात्रीं त्या रस्त्यावर दिवा आहे काय, दार आंतून उघडतें काय, दुसरा जिना आहे काय, पावसाळ्यांत पाणी कोठवर चढतें, आणि करार कोणाच्या नांवें नोंदला जाईल, हे पांच प्रश्न विचारावे. घरमालकांनींही हे प्रश्न अविश्वासाचे न मानतां व्यवहाराचे मानावे. नोंदलेला करार आणि पोलीस ठाण्यांत दिलेली माहिती त्यांच्याही हिताची आहे.

पवनीच्या किंवा तुमसरच्या एखाद्या घरांत जून महिन्यांत निकाल लागतो, पेढे वांटले जातात आणि संध्याकाळीं आई हळूच विचारते, “पण पोरगी राहील कोठें?” त्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालें तर ती मुलगी शिकते, न मिळालें तर गुणपत्रिका पेटींत जाते. विद्यापीठाचें दार खऱ्या अर्थानें सर्वांना उघडें करावयाचें असेल, तर त्याच्या आसपासच्या लहान लहान खोल्यांचीं दारेंही नीट उघडलीं पाहिजेत. तीं आंतूनही उघडलीं पाहिजेत.