पानजुळणीचा लेखी हुकूम

मंडळाची वार्षिक स्मरणिका काढण्याचे काम ज्यांनी एकदा तरी अंगावर घेतले आहे, त्यांना हे सांगावयास नको की, त्यात बुद्धीचे काम थोडे आणि हमालीच फार. दीडशे देणगीदारांची नावे एकाच मापाने बसवावयाची, शंभर छायाचित्रे सारख्याच चौकटींत घालावयाची, प्रत्येकाखाली नाव लिहावयाचे. खिळ्यांच्या काळी हे जुळारी करी. 1985 साली ऑल्डस कंपनीचे पेजमेकर निघाले आणि काम टेबलावरच्या संगणकाकडे आले. हात बदलले, हमाली राहिली. ती यंत्राच्याच गळ्यात घालण्याची युक्ती म्हणजे स्क्रिप्ट. ‘हे चित्र घे, या चौकटीत बसव, खाली हे नाव लिही, आणि यादी संपेपर्यंत हेच करीत राहा’, असा तो एक लेखी हुकूम असतो.

हुकूम कोणत्या भाषेत लिहावा? 1999 साली आलेल्या इनडिझाइनसाठी ॲपलस्क्रिप्ट आहे, ती केवळ मॅकवर चालते. व्हीबीस्क्रिप्ट आहे, ती केवळ विंडोजवर. आणि जावास्क्रिप्ट दोहोंवर. स्मरणिकेची मंडळी काही एका छताखाली बसत नाहीत. इंदूरच्या एकाकडे मॅक असावयाचा, वडोदऱ्याच्या दुसऱ्याकडे विंडोज. तेव्हा जावास्क्रिप्टच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हीबीस्क्रिप्टवर श्रम खर्चणारांची स्थिती तर अवघड झाली आहे. ती भाषा विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढण्यात येईल, असे मायक्रोसॉफ्टने 2023 साली जाहीर केले. लिनक्सवर इनडिझाइन मुळी चालतच नाही. तेथे स्क्रायबस हे विनामूल्य साधन आहे. ते तिन्ही ठिकाणी चालते व पायथन भाषा जाणते. परंतु एकासाठी लिहिलेला हुकूम दुसऱ्याला कळत नाही.

भाषा एक झाली म्हणजे सारे जुळले, असे मात्र नव्हे. विंडोजवर फाइलचा पत्ता डावीकडे झुकलेल्या रेघेने लिहितात, मॅकवर उजवीकडे झुकलेल्या. सुदैवाने इनडिझाइनची जावास्क्रिप्ट उजवी रेघ दोन्हीकडे मान्य करते. तरीही आपल्या घरच्या यंत्राचा पूर्ण पत्ता हुकुमात कोरून ठेवू नये. ‘जेथे तू आहेस, तेथेच शेजारी चित्रांची पेटी पाहा’, एवढेच सांगावे. टंकाचेही तसेच. मॅकबरोबर कोहिनूर देवनागरी येतो, विंडोजबरोबर निर्मला. एकावर बसविलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला, की ओळी सरकतात आणि शेवटच्या दोन ओळी चौकटीबाहेर अदृश्य होतात. म्हणून मुक्त परवान्याचा नोटो देवनागरीसारखा टंक सर्वांनीच बसवून घ्यावा, आणि तो नसल्यास स्क्रिप्टने कामास आरंभच करू नये. नावांची यादी वाचतानाही ती यूटीएफ-8 मध्ये आहे, हे तिला स्पष्ट सांगावे लागते. न सांगितल्यास प्रत्येक यंत्र आपल्या समजुतीप्रमाणे वाचते, आणि मराठीचे काय होते ते आपण पाहिलेच असेल.

आता जी गोष्ट कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सहसा आढळावयाची नाही, तिच्याकडे वळतो. समजा, श्रद्धांजलीच्या पानावर गोऱ्हे आडनावाच्या कोणा दिवंगत सभासदांचे छायाचित्र घालावयाचे आहे. चित्राच्या फाइलला ‘गोऱ्हे’ हेच नाव दिले आहे, यादीतही ‘गोऱ्हे’च आहे. डोळ्यांना दोन्ही सारखीच. पण युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते : एक अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन तुकड्यांनी. मॅकच्या जुन्या डिस्कची एचएफएस प्लस ही रचना फाइलच्या नावातील असे अक्षर फोडूनच साठवी. ती चित्रे पुढे विंडोजवर नेली, की नाव फोडलेलेच राहते; यादीतले मात्र अखंड. यंत्राच्या लेखी ही दोन निराळी माणसे! भरीस भर म्हणून काही जण हाच अर्धा र साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह लावून लिहितात. जोशी, कुलकर्णी, देशपांडे जागच्या जागी बसतात आणि गोऱ्ह्यांची चौकट तेवढी रिकामी राहते. शोकाकुल घरी तो अंक जाणार असतो.

पायथनमध्ये अशी रूपे एक करण्याची सोय तयार मिळते, पण न दिसणारे जोडचिन्ह तिलाही आवरत नाही. इनडिझाइनची जुनी जावास्क्रिप्ट 1999 च्या नियमांवर उभी असल्याने तिच्यात ती सोयही नाही. तेथे आपणच चार ओळी लिहून तिन्ही रूपांचे एक रूप करावे, आणि मगच नावे ताडून पाहावीत. चित्र न मिळाल्यास मुकाट्याने पुढे जाणारी स्क्रिप्ट मला धोक्याची वाटते. तिने अखेरीस न सापडलेल्या नावांची यादी पडद्यावर मांडलीच पाहिजे. ती यादी मॅकवर कोरी आली, तरी विंडोजवर पुन्हा एकदा चालवून पाहावी, आणि मगच पाने छापखान्याकडे धाडावीत.