जॅझ : गुलामांच्या नातवंडांनी घडवलेलं संगीत

(वर्धापनदिनाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर वाचून काही जण गालातल्या गालात हसले, ते मी पाहिलं. जॅझ म्हणजे मोठ्या हॉटेलात सुटाबुटातल्या लोकांनी ऐकायचं संगीत, असा आपला समज आहे. सत्तरच्या दशकात आपल्या चळवळीतल्या मंडळींनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं साहित्य वाचलं. १९७२ साली दलित पँथर निघाली, तिचं नावही त्यांच्या ब्लॅक पँथरवरून आलं. त्यांनी लिहिलेलं आपण जवळ केलं, पण त्यांनी वाजवलेलं हॉटेलवाल्यांकडे सोडून दिलं. म्हणून हा विषय घेतला. मी साचेखात्यात काम केलेला माणूस. संगीताचं शास्त्र मला येत नाही. पण हे संगीत कोणी घडवलं आणि नाव कोणाचं झालं, एवढं मी वाचून आणि ऐकून समजून घेतलं आहे, तेवढंच सांगतो.

१६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं उतरवली गेली. तिथून १८६५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षं तिथे माणसांची खरेदी-विक्री चालली. त्यांची भाषा मोडली, नावं बदलली, मायलेकरांची ताटातूट केली. १७३९ साली दक्षिण कॅरोलिनात गुलामांनी ढोल वाजवत उठाव केला. पुढच्याच वर्षी कायदा करून त्यांच्या ढोलांवर बंदी आणली. ढोल हिसकावला, पण ताल कसा हिसकावणार? तो टाळ्यांत गेला, पायाच्या ठोक्यात गेला, शेतात कुदळ मारताना म्हणायच्या गाण्यात गेला. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. आपल्या शाहिरामागे झीलकरी असतात ना, तसंच. ही कामाची गाणी, चर्चमधली भक्तिगीतं, आणि गुलामी संपल्यावर एकट्या माणसाने आपलं सुखदुःख मांडायला काढलेलं ब्लूज गाणं, ही जॅझची मुळं.

या सगळ्यांचा संगम झाला तो न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात. तिथे काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात दर रविवारी गुलाम जमत, आफ्रिकेचे ताल वाजवत, नाचत. शहरात फौजेच्या पद्धतीचे पितळी वाद्यांचे बँडही होते. मयतीला ते संथ धून वाजवत जात आणि दफन करून परतताना नाचायला लावणारी वाजवत. तिथे मिश्र वंशाचे क्रिओल लोकही होते. त्यांच्यातले पुष्कळ जण स्वरलिपी शिकलेले. त्यांच्यातलाच होमर प्लेसी हा पायताणं बनवणारा कारागीर. १८९२ साली तो गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात मुद्दाम बसला आणि त्याला अटक झाली. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल दिला : वेगळे ठेवा, समान ठेवलं की झालं. डबे वेगळे झाले, शाळा वेगळ्या झाल्या. शिकलेला क्रिओल आणि न शिकलेला काळा मजूर एकाच बाजूला लोटले गेले. एकाकडे लिपी होती, दुसऱ्याकडे ब्लूज. दोन्ही एकत्र वाजू लागलं.

जॅझची रीत साधी आहे. धून सगळ्यांना ठाऊक असते. बँड ताल धरून ठेवतो आणि एकेक वादक पुढे येऊन ती धून ऐन वेळी आपल्या मनाने फिरवतो. ठोका अपेक्षेच्या जरा अलीकडे-पलीकडे पडतो, त्यामुळे पाय आपोआप हलतो. सगळे मिळून चालतात, तरी प्रत्येकाला आपलं म्हणणं मांडायची पाळी मिळते. ज्यांना कोर्टात, कचेरीत, मतपेटीत बोलायची पाळी मिळत नव्हती, त्यांनी ही रीत घडवली.

आता नावाची गोष्ट. न्यू ऑर्लिन्समध्ये बडी बोल्डन नावाचा कॉर्नेट वाजवणारा होता. जॅझचा पहिला मोठा वादक म्हणून त्याचं नाव घेतात. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, तिथेच १९३१ साली तो वारला. त्याच्या वादनाची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. जॅझची पहिली तबकडी निघाली १९१७ साली, आणि ती वाजवणारे पाचही जण गोरे! पुढे त्यांच्यातल्या एकाने तर हे संगीत गोऱ्यांनीच काढलं असा दावा केला.

पण आवाज दडपला गेला नाही. दक्षिणेतला जुलूम आणि उपासमार सोडून लाखो काळे लोक उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाले, वादकही निघाले. लुई आर्मस्ट्राँग १९०१ साली गरिबीत जन्मला, पोरवयात सुधारगृहात गेला, तिथे कॉर्नेट शिकला. कोळसा वाहून पोट भरलं. १९२२ साली तो शिकागोला गेला आणि १९२५ पासूनच्या त्याच्या तबकड्यांनी जॅझमध्ये एकट्या वादकाला मानाची जागा मिळवून दिली.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२७ साली ड्यूक एलिंग्टन कॉटन क्लबमध्ये वाजवू लागले. वाजवणारे काळे, नाचणारे काळे, आणि टेबलावर बसून ऐकणारे गोरे. तीसच्या दशकात मोठ्या बँडांचा, नाचाचा स्विंग जॅझ देशभर गाजला. ‘स्विंगचा राजा’ हा किताब मिळाला बेनी गुडमन या गोऱ्या वादकाला. त्यांच्या कितीतरी धुनांची बांधणी मात्र फ्लेचर हेंडरसन या काळ्या संगीतकाराची होती. खरं सांगायचं तर गुडमन यांनी स्वतः काळ्या वादकांना आपल्या शेजारी मंचावर बसवलं, हे त्या काळी धाडसाचं होतं. किताब वाटणारा बाजार तेवढा सरळ नव्हता.

तेव्हा काळ्या तरुणांनी काय केलं? चाळीसच्या दशकात हार्लेमच्या मिंटन्स या ठिकाणी रात्री उशिरा थेलोनियस मंक, डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर असे वादक जमत. त्यांनी बिबॉप काढला. वेगवान, अवघड, नाचण्यापेक्षा बसून ऐकायचा. आम्ही तुमची करमणूक करणारे नोकर नाही, कलावंत आहोत, हा त्याचा अर्थ. पुढे त्यातून हार्ड बॉप आला, त्यात चर्च आणि ब्लूज पुन्हा जोरात आले. ऑगस्ट १९५९ मध्ये माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही शांत, मोकळी तबकडी निघाली. त्याच महिन्यात, ज्या क्लबवर त्यांचं नाव झळकत होतं त्याच्याच दारात पोलिसांनी त्यांचं डोकं फोडलं.

१९५७ साली लिटल रॉकमध्ये नऊ काळ्या मुलांना शाळेत जाऊ देईनात, तेव्हा सदा हसणाऱ्या आर्मस्ट्राँगने राष्ट्राध्यक्षांवर उघड टीका केली आणि सरकारतर्फे रशियाला जायचं नाकारलं. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब लावून चार मुलींना मारलं, तेव्हा जॉन कोल्ट्रेनने ‘अलाबामा’ ही धून वाजवली. तिच्यात शब्द एकही नाही. एकदा शांत बसून ऐका.

हे वारं मुंबईतही आलं होतं. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा काळ्या वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजला. मागोमाग टेडी वेदरफोर्ड हे पियानोवादक आले. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी जॅझ उचलला आणि सिनेमात नेला. त्यांच्यातले चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करत. १९५१ चा ‘अलबेला’ आठवा. त्यात नाचणारे भगवानदादा गिरणी कामगाराचे चिरंजीव. त्यांच्या नाचावर आपल्या चाळी नाचल्या, पण त्या ठेक्यामागची माणसं आपल्याला ठाऊक नव्हती. सिनेमाच्या पाटीवर गोव्याच्या कितीतरी वादकांची नावंच आली नाहीत.

१९६५ साली पुलित्झरच्या परीक्षकांनी एलिंग्टन यांचा खास गौरव करावा म्हणून शिफारस केली, ती मंडळाने फेटाळली. तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. १९७४ साली ते गेले. गौरव जाहीर झाला १९९९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला. मिळाला, पण हातात घ्यायला माणूस नव्हता.

तरुण मित्रांनो, तुमच्या खिशातल्या फोनवर आज हे सगळं संगीत फुकट ऐकता येतं. ऐका. आणि कुठलीही धून आवडली की, ती जॅझ असो, आपल्या वस्तीतल्या बँडची असो की गायन पार्टीची असो, एक प्रश्न विचारायची सवय लावा : ही पहिल्यांदा कोणी वाजवली? उत्तर मिळालं की नाव लिहून ठेवा, लेकरांना सांगा. म्हाताऱ्या वादकाचा सत्कार त्याला हार गळ्यात घालून घेता येतोय तोवर करा.

 जयभीम!