फोनवरचा चोर येतो कुठून?

सायबर गुन्हेगार म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो अंधाऱ्या खोलीत टोपी पुढे ओढून बसलेला, अचाट बुद्धीचा हॅकर. सिनेमावाल्यांची कृपा! आपल्याकडच्या बहुतेक फसवणुकीत मात्र कोणी संगणक फोडत बसत नाही. माणसालाच बोलण्यात गुंतवलं जातं आणि तो आपल्या हातानं पैसे पाठवून मोकळा होतो. २०२४ या एका वर्षात देशभरातल्या लोकांनी सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले, असं केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं. आदल्या वर्षीच्या तिपटीहून हा आकडा मोठा आहे. पासवर्ड बदला, ओटीपी देऊ नका, हे सगळं खरंच. पण पलीकडून बोलणारा तो कोण आहे आणि या धंद्यात कसा आला, हे तंत्रज्ञ सांगू शकणार नाही. त्यासाठी समाजशास्त्राचं दार ठोठावावं लागतं.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या काही कॉल सेंटरांवर छापे घातले. आत शेकडो तरुण मुलंमुली कानाला हेडफोन लावून बसलेली. ती अमेरिकेत फोन करत होती. नाव अमेरिकन घ्यायचं, तिथल्या कर खात्याचे अधिकारी असल्याचं सांगायचं आणि दरडावायचं की, तुमचा कर थकलाय, आत्ता भरला नाहीत तर पोलीस दारात येतील. समोरचा माणूस घाबरून दुकानात धावायचा, गिफ्ट कार्ड विकत घ्यायचा आणि त्यावरचा नंबर फोनवर वाचून दाखवायचा. नंबर वाचून झाला की पैसे गेले.

ही मुलं काही सराईत गुन्हेगार नव्हती. जेमतेम शिकलेली, इंग्रजी बोलू शकणारी, नोकरीच्या शोधातली, आपल्या शेजारच्या इमारतीत राहावीत अशी. मग ती या वाटेला कशी लागली? रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९३८ साली एक निबंध लिहिला. मर्टन स्वतः फिलाडेल्फियातल्या गरीब स्थलांतरितांचा मुलगा. त्याचं म्हणणं असं, की समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पैसा मिळव, मोठा हो. पण तिथवर नेणारी सरळ वाट मात्र थोड्यांनाच देतो. मग काही जण स्वप्न तेवढं ठेवतात आणि वाट बदलतात. आज हे स्वप्न मोबाइलच्या पडद्यावर चोवीस तास दिसतं. कुणाची गाडी, कुणाची दुबईची सहल. आणि पदवी हातात घेतलेल्या पोराला पगार विचारावा, तर तो विषय बदलतो.

पण एवढ्यावर भागत नाही. सगळीच बेकार मुलं असले फोन करत नाहीत. झारखंडमधल्या जामतारा जिल्ह्याचं नाव या धंद्यामुळे देशभर झालं, त्यावर वेब मालिकाही आली. पण तितकेच गरीब जिल्हे देशात कितीतरी आहेत, तिथं हे का नाही घडलं? क्लोवर्ड आणि ओलिन या दोघा समाजशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये याचं उत्तर मांडलं होतं. आडवाटेला लागायचं म्हटलं तरी ती वाट दाखवणारा, शिकवणारा कोणीतरी जवळ असावा लागतो. त्याच्याही आधी एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञानं सांगितलं होतं, की गुन्हा हा रक्तात नसतो, तो जवळच्या माणसांकडून शिकला जातो. हातोटी शिकली जाते आणि तिच्याबरोबर समर्थनही. मीरा रोडच्या मुलांपुढे काय बोलायचं याचा छापील कागद असायचा. समोरच्यानं नकार दिला तर हे वाक्य, रडायला लागला तर ते वाक्य. फोन लावणारा वेगळा, सौदा पुरा करणारा वेगळा. कुठल्याही कंपनीत असतं तसं प्रशिक्षण, तसंच महिन्याचं टार्गेट. आपण गुन्हा करतोय असं वाटूच नये, इतकी ती नोकरीसारखी नोकरी.

समर्थनाचं तर विचारूच नका. साइक्स आणि माट्झा या अभ्यासकांनी १९५७ मध्ये बालगुन्हेगारांचा विचार करताना दाखवून दिलं, की मुलं नियम मानतच नाहीत असं नसतं. नियम मोडण्याआधी ती स्वतःची समजूत घालतात. ‘त्यांच्याकडे भरपूर आहे, त्यांचं काय बिघडतं?’ ‘मी फक्त साहेब सांगतात ते करतो.’ ‘वर बसलेले काय कमी खातात?’ ही वाक्यं ओळखीची वाटली ना? वाटणारच. विजेच्या तारेवर आकडा टाकणाऱ्यापासून बिनपावतीचा व्यवहार करणाऱ्यापर्यंत आपण सगळे ती वापरत आलो आहोत. त्या मुलांनी ती बाहेरून आणलेली नाहीत.

आता दुसरी बाजू बघू. ‘डिजिटल अरेस्ट’ हा प्रकार एव्हाना सगळ्यांना माहीत झालाय. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये त्याबद्दल सांगितलं, काही काळ तर फोन लावला की रिंग वाजण्याआधी सावधगिरीची सूचना ऐकावी लागायची. तिला आपण कंटाळलोही. तरीही निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक त्यात अडकतात. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो. मागे भिंतीवर बोधचिन्ह असतं. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही. आपल्या कायद्यात अशी अटक मुळात नाहीच. मग शिकलेला माणूस विश्वास कसा ठेवतो?

माझ्या मते इथं आपली संस्कृती चोराच्या मदतीला येते. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. गणवेशापुढे प्रश्न विचारायचा नसतो, हेही नकळत शिकलेलं. पोलिसांनी असं वागणं शक्यच नाही, असं आपण छातीठोकपणे म्हणू शकत नाही, त्यामुळे खोटा पोलीस खरा वाटतो. त्यात अब्रूची भीती. ज्याच्याकडे ठेवी आहेत आणि चारचौघांत नाव आहे, तो जास्त घाबरतो.

पण नुसती भीती पुरत नाही, चोराला संधीही लागते. कोहेन आणि फेल्सन या अभ्यासकांनी १९७९ साली महायुद्धानंतरच्या अमेरिकेतल्या घरफोड्यांचं कोडं सोडवलं. देश श्रीमंत होत होता, तरी चोऱ्या वाढत होत्या. कारण घरातली माणसं कामाला बाहेर पडली, घरं दिवसभर रिकामी राहिली आणि दूरचित्रवाणी संचासारख्या वस्तू उचलून नेता येतील इतक्या हलक्या झाल्या. चोर तयार, माल समोर, राखणदार नाही. तिन्ही एकत्र आली की गुन्हा घडतो. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी नोटाबंदी झाली आणि बँक खिशात आली. सोय झाली, नाही कशाला म्हणू? पण पूर्वी मोठी रक्कम काढायला गेलं की काउंटरवरचा कारकून चष्म्यावरून बघत विचारायचा, ‘आजी, एवढे पैसे कशाला हो?’ त्या भोचकपणाचा तेव्हा राग यायचा. पण राखणदार होता तो! आजही ठेव मोडायला आलेल्या घाबऱ्याघुबऱ्या ग्राहकाला बँकेतल्या कर्मचाऱ्यानं रोखलं आणि पैसे वाचले, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात.

आणि पकडलं कोण जातं? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. ९४ कोटींहून अधिक रुपये गेले, अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून रक्कम काढली गेली, काही आपल्या कोल्हापुरातूनही. पुण्याच्या न्यायालयानं २०२३ मध्ये अकरा जणांना शिक्षा सुनावली. ती मुख्यतः बनावट कार्डं घेऊन एटीएमपुढे उभी राहिलेल्या टोळीतली माणसं. एटीएमच्या कॅमेऱ्यात चेहरा दिसतो तो त्यांचा, योजना आखणाऱ्याचा नाही. रोजच्या फसवणुकीतही हेच. चोरीचा पैसा पहिल्यांदा उतरतो तो भाड्यानं घेतलेल्या खात्यात. चार-पाच हजारांसाठी विद्यार्थी, मजूर आपलं पासबुक, एटीएम कार्ड, सिम दुसऱ्याच्या हाती देतात. पोलीस प्रथम त्यांच्याच दारात येतात, कारण पत्ता त्यांचाच असतो. या विषमतेची याहून क्रूर तऱ्हाही आहे. चांगल्या नोकरीचं आमिष दाखवून म्यानमारच्या सीमेवर नेलेल्या आणि तिथं कोंडून ऑनलाइन फसवणूक करायला लावलेल्या ५४९ भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. त्यांना गुन्हेगार म्हणायचं की बळी?

सदरलँडनं १९४९ मध्ये बड्या कंपन्यांच्या गुन्ह्यांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा प्रकाशकानं खटल्याच्या भीतीनं कंपन्यांची नावं गाळायला लावली. ती छापायला १९८३ साल उजाडलं. आपल्याकडे नावं चिकटवायची घाई असते ती खालच्यांना. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पण पारधी वस्तीतल्या पोराला विचारा, संशय गेला का. आज जामताऱ्याच्या प्रामाणिक मुलालाही गावाचं नाव सांगताना अडखळावं लागत असेल. आपला फोन नंबर, जन्मतारीख, कर्जाची थकबाकी त्या चोरापर्यंत पोचवली कोणी, हा प्रश्न मात्र आपण तितक्या जोरात विचारत नाही. माहिती सांभाळता न आलेली वातानुकूलित कार्यालयं, खिरापतीसारखी सिम कार्डं वाटणारे विक्रेते आणि डोळे मिटून खाती उघडणाऱ्या शाखा यांचाही हिशेब लागायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर एवढं करा. तुमच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला आज विचारा, त्याच्याकडे कोणी खातं मागितलंय का. आणि घरात कोणी फसलंच, तर ‘एवढं शिकून तुम्हाला कळलं कसं नाही?’ असं म्हणू नका. त्या एका वाक्याच्या धास्तीनं माणसं दोन-दोन दिवस गप्प राहतात आणि तेवढ्या वेळात पैसा दहा खात्यांतून पार होतो. लगेच १९३० हा क्रमांक फिरवा. पैसे पुढे सरकण्याआधी तक्रार पोचली, तर ते खात्यातच गोठवता येतात.