माढ्यातील विझलेला दिवा



माढा म्हटले की राव रंभा निंबाळकरांचा किल्ला आठवतो. तो पाहून परतताना मी एका पडक्या इमारतीपाशी थांबलो. छप्पर कोसळलेले, भिंतीत पिंपळ रुजलेला. कोपऱ्यावर मात्र लोखंडी आधाराला एक चौकोनी दिवा अजून लटकलेला होता. काच एकही शाबूत नव्हती.

हा रॉकेलचा दिवा. असे दिवे ज्या काळी जळत, त्या काळी दिवाबत्तीवाला तिन्हीसांजेला खांद्यावर शिडी आणि हाती तेलाचा डबा घेऊन निघे. काजळलेली काच पुसावी, वात कातरावी, तेल मोजून घालावे आणि पुढच्या दिव्याकडे वळावे, असा त्याचा नित्यक्रम. चांदण्या रात्री कित्येक गावी दिवे लावीतच नसत. तेवढीच तेलाची बचत! मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर वायूचे दिवे आले, तरी ते पेटविण्यास माणूस लागतच असे.

पुढे १९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाले आणि यथावकाश वीज खेडोपाडी पोहोचली. याची खंत करण्याचे काहीच कारण नाही. रॉकेलच्या रांगेत ज्यांनी दुपारी घालविल्या, त्यांना विचारावे. परंतु शिडीबरोबर तो माणूसही गेला. दिवा विझल्याचे पूर्वी फार तर दुसऱ्या सायंकाळी कोणास तरी कळे. आता खांबावरचा दिवा बंद पडला की आठवडे लोटतात. सदस्य म्हणतात, कार्यालयास सांगितले. कार्यालय म्हणते, अर्ज आला नाही. दिवाबत्ती कराची मागणी मात्र वेळेवर येते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावातील दिवाबत्ती पंचायतीकडे सोपविली आहे. रोज सायंकाळी ती पाहावयाची कोणी, हे पंचायतीनेच ठरवावयाचे आहे. खांबांना क्रमांक द्यावेत आणि वस्तीतील एकाने अंधार पडताच फेरी मारून बंद दिव्यांची वहीत नोंद करावी, एवढीच माझी सूचना आहे. तिला फारसा खर्च नाही.

माढ्यातील ती इमारत आज ना उद्या उतरवावी लागेल. तत्पूर्वी मालकाच्या संमतीने तो दिवा काढून एखाद्या शाळेत ठेवावा, नाहीतर तो भंगारात किलोच्या भावाने जाईल. शिक्षकांनी मुलांकरवी आजी-आजोबांना विचारावे की, आपल्या गावात दिवे कोण लावीत असे. मी तेथे तीन वृद्धांना विचारले. तिघांनीही दिवा ओळखला. लावणाऱ्याचे नाव एकासही आठवले नाही.